डेम्लोची कुळकथा

12,34,56,78,98,76,54,321. सतरा अंकी ही संख्या उलटी वाचली तरी तीच राहते. नऊ एके ओळीने लिहा, त्या 11,11,11,111 चा वर्ग करा, की ती हजर. तिच्या घराण्याला गणितात ‘डेम्लो’ म्हणतात. ऐकताना एखाद्या इटालियन गणितज्ञाचं आडनाव वाटावं. पण हे नाव आलंय जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनावरून. मुंबईपासून तीसेक मैलांवरचं ते डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, असं सांगतात.

नाव ठेवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म 1905 चा, डहाणूचा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये आणि 1930 ते 1962 नोकरी देवळालीत, शाळामास्तराची. या संख्यांची कल्पना त्यांना त्या स्टेशनावर सुचली, म्हणून स्टेशनाचंच नाव दिलं. स्वतःचं दिलं नाही, हे मला फार आवडतं.

उलटसुलट सारख्या दिसणाऱ्या संख्या गोळा करून कापरेकर थांबले नाहीत. त्यांनी 2553 पाहिली: दोन्ही टोकांच्या 2 आणि 3 ची बेरीज 5, आणि मधे 55. तसंच 47773 मध्ये 4 आणि 3 मिळून 7, मधे 777. आता आपली सतरा अंकी संख्या घ्या. मधला 9 बाजूला ठेवा. उरलेल्या 12345678 आणि 87654321 यांची बेरीज 99999999. म्हणजे तीही डेम्लोच. मौज म्हणून सोडून द्यावं अशा आकृतीमागचा नियम त्यांना दिसला, आणि 1938 साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये या ‘अद्भुत डेम्लो संख्यां’वर त्यांचा लेख आला.

घराणं मात्र त्याहून पुष्कळ जुनं. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त 12345654321 दिली आहे, एकापासून चढत सहापर्यंत जाणारी आणि तशीच क्रमाने उतरणारी, असं तिचं वर्णन करून. ती मिळवायला त्यांनी घातलेला गुणाकार 27994681 गुणिले 441 असा होता. सरळ 111111 चा वर्ग न सांगता वाचकाला असं राबवणं, हा मास्तरी खट्याळपणाच!

या चढउतारात जादू नाही. एकांचा वर्ग मांडताना प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते आणि उभ्या रकान्यांत 1, 2, 3 असे एके साचत जातात. नऊपर्यंत हातचा येत नाही, एवढंच. आपण आठाच्या पायावर मोजत असतो, तर हे शिखर सातावरच संपलं असतं.

दहा एके घेतले की हातचा येतो आणि मनोरा ढासळतो: 1234567900987654321. पण लगेच टाकून देऊ नका. तिचे पहिले नऊ अंक आणि शेवटचे नऊ अंक, अशा दोन संख्यांची बेरीज करून पाहा. उत्तर 1111111111 येतं.