कापलेल्या कडा

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची रंगीत कार्डे घालत असे. होनस वॅग्नर या खेळाडूने आपले चित्र वापरण्यास संमती दिली नाही, त्यामुळे त्याची मोजकीच कार्डे बाहेर पडली.

त्यांतील एक विलक्षण सुस्थितीत होते. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की याने भागीदारासह ते ४,५१,००० डॉलरना घेतले. पीएसए या नव्या परीक्षक संस्थेने त्याला १० पैकी ८ गुण दिले. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले.

असे गुण देताना काय पाहतात? कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीच्या समासांचा समतोल. कागदाचे वय पारखण्यास अतिनील प्रकाश उपयोगी पडतो. कागद शुभ्र दिसावा म्हणून मिसळली जाणारी रसायने या प्रकाशात निळसर चमकतात. ती विसाव्या शतकाच्या मध्यास वापरात आली. म्हणून १९०९ चे म्हणवणारे कार्ड तसे चमकले, तर शंका घ्यावी. पण ही कसोटी कागदाचे वय सांगते, कड केव्हा कापली ते नव्हे.

२०१३ मध्ये एका व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केले, की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. कागद अस्सल, शाई अस्सल. गुण मिळवून देणाऱ्या कडा मात्र नव्या!

२०२१ मध्ये वॅग्नरचेच एक झिजलेले, १० पैकी ३ गुणांचे कार्ड ६६ लाख डॉलरना गेले. आपणही गुण देतोच. नीटनेटकेपणा म्हणजे अस्सलपणा नव्हे, एवढे विद्यार्थ्यांना या कार्डावरून सांगता येईल.