बेलपान आणि पिंडी : पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा रुपया

माळव्यातील जुन्या मराठी घरांच्या देवघरांत लक्ष्मीपूजनापुरता बाहेर निघणारा एखादा जाड, ओबडधोबड चांदीचा रुपया असतो. त्यावर फारसी अक्षरे असल्याने तो 'मोगली' ठरवून कित्येकदा मोडीत दिला जातो. तसे करण्यापूर्वी तो नीट पाहावा, अशी आमची भाविकांना विनंती आहे. कदाचित तो पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या टांकसाळीतील असेल.

अहिल्यादेवींनी इ. स. १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत महेश्वरहून राज्यकारभार केला. त्या काळी मराठी सरदारांच्या मुलखातही रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पाडीत. यात दास्य शोधण्याचे कारण नाही. ओळखीचा लेख असलेला रुपया बाजारात सहज चाले, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. त्यामुळे या रुपयावर शाह आलम दुसरा याचे नाव आहे. देवींचे नाव नाही. त्यांचे चित्र असलेले ३०० रुपयांचे स्मारक नाणे भारत सरकारने काढले ते ३१ मे २०२५ रोजी, त्यांच्या त्रिशताब्दी जयंतीस.

मग रुपया त्यांचा हे कशावरून? फारसी लेखाच्या मध्येच कोरलेल्या लहान चिन्हांवरून. महेश्वरच्या रुपयावर शिवपिंडी व बेलपान असते. मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या, रुपयावर सूर्यमुख. आपल्या हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराची आज्ञा लिहिणाऱ्या देवींना बेलपानाहून अधिक शोभेल अशी दुसरी मुद्रा आम्हांस सुचत नाही. मात्र केवळ चिन्हावर विसंबू नये, सालही पाहावे. त्यांची कारकीर्द हिजरी ११८१ ते १२१० या सालांत येते. याखेरीज बादशहाचे राज्यवर्षही स्वतंत्र अंकांत दिलेले असते.

हे रुपये यंत्राचे नव्हेत. वजन करून घेतलेली चांदीची चकती ऐरणीत बसविलेल्या खालच्या ठशावर ठेवीत, वर दुसरा ठसा धरीत आणि हातोड्याचा घाव घालीत. ठसा चकतीहून मोठा असे. म्हणून कोणत्याही एका रुपयावर सगळा लेख उमटत नाही. एकावर पिंडी पूर्ण असते, तर दुसऱ्यावर बेलपानाचे टोक तेवढे काठाशी दिसते. वजन सुमारे ११ ग्रॅम भरते. कडेला वा मधोमध लहान खड्डे असतील तर ते दोष समजू नयेत. चांदी पारखताना सराफांनी मारलेल्या त्या खुणा आहेत.

खरी हानी होते ती आपल्याच हातून. दर सणाला चिंच, राख किंवा पावडर लावून घासल्याने आधीच उथळ असलेले बेलपान झिजते, आणि ते गेले की ओळख पटविणे कठीण. काळा पडलेला रुपया काळाच राहू द्यावा. पूजेत ठेवायचा असल्यास हळदकुंकू त्याखालच्या तबकात वाहावे. त्यास कडी डाखवून गळ्यात घालण्याची हौस तर कृपया टाळावी.

असा रुपया देवस्थानास अर्पण करणाऱ्यांनी तो दानपेटीत न टाकता कार्यालयात द्यावा व तो घरात कोणाकडून आला हे चिठ्ठीवर लिहावे. जमिनीत पुरलेली नाणी सापडली तर मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. ती परस्पर देवाला वाहता येत नाहीत.