एका मूत्रपिंडाची पुढची साठ वर्षे

एक मूत्रपिंड काढूनही माणूस जगतो, हे वैद्यकाला ठाऊक होऊन दीडशे वर्षे झाली. मात्र बालपणीच ते गमावलेल्याची पुढची पन्नास-साठ वर्षे कशी जातात, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा आहे. हायडेलबर्गचे शल्यविशारद गुस्ताव सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून १८६९ साली एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले आणि ती वाचली. पुढे त्याच विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या माक्स विल्म्स यांनी १८९९ साली लहान मुलांच्या मूत्रपिंडातील ज्या कर्करोगाचे सविस्तर वर्णन केले, तो आज विल्म्स ट्यूमर या नावाने ओळखला जातो. बाधित मूत्रपिंड काढणे हा त्यावरील उपचाराचा गाभा असला, तरी केवळ शस्त्रक्रियेने फार थोडी मुले वाचत. औषधांची आणि किरणोपचारांची जोड मिळाल्यावरच, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एका मूत्रपिंडावर वाढणारी पिढी अस्तित्वात आली.

नवी मुंबईचा या इतिहासाशी संबंध येतो तो टाटा मेमोरियल केंद्रामुळे. १९५२ साली मुंबईत परळला सुरू झालेली त्याची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली नवी मुंबईतील खारघरला आली, ॲक्ट्रेक या नावाने वाढली आणि कालांतराने तेथे बालरुग्णांवर उपचारही होऊ लागले. त्याआधीच, १९९१ साली, केंद्राच्या परळच्या रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र पाठपुरावा चिकित्सालय निघाले होते. रोग बरा झाला म्हणजे वैद्यकाचे काम संपले, ही समजूत मोडणारी ती घटना होती, आणि तिचे मोल शस्त्रक्रियेइतकेच मोठे आहे.

ते का, हे शरीराच्या रचनेत दडले आहे. रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, जन्माच्या सुमारासच तयार होऊन थांबतात. एक मूत्रपिंड गेले की उरलेले आकाराने वाढते, बालवयात तर विशेष जोमाने, परंतु नेफ्रॉनची संख्या वाढत नसल्याने प्रत्येकावरचा भार वाढतो. हाच भार दशकानुदशके राहिल्यास गाळण्या निबर होतात, अशी मांडणी बॅरी ब्रेनर यांनी १९८० च्या दशकात केली. आकडे मात्र पुष्कळसे दिलासादायक आहेत. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन मूत्रपिंड गमावलेल्या ६२ अमेरिकी सैनिकांचे आयुर्मान ४५ वर्षांनीही घटलेले आढळले नाही, अर्थात ते जखमी झाले तेव्हा प्रौढ होते. अमेरिकेतील विल्म्स ट्यूमरच्या राष्ट्रीय अभ्यासात, जन्मजात व्यंग नसलेल्या आणि एकाच बाजूला गाठ असलेल्या मुलांपैकी २० वर्षांत मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी निघाले. दोन्ही बाजूंना गाठी असलेल्यांत ते सुमारे १२ टक्के होते.

परंतु तिसऱ्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले मूल २० वर्षांनी जेमतेम तेविशीत असते, आणि वाढता रक्तदाब किंवा लघवीतून जाणारी प्रथिने काही दुखण्याआधीच सुरू झालेली असू शकतात. म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत, वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत आणि रक्तदाब, लघवी व रक्तातील क्रिएटिनिन यांची वर्षातून एकदा होणारी तपासणी मूल मोठे होऊन नोकरीला लागले तरी चुकवू नये.