वायर ओढते, आऊटर ढकलतो

सायकलच्या गिअरची गोष्ट निघाली की लोक चकत्या मोजायला बसतात. मागे किती, पुढे किती, पाचाच्या सहा कधी झाल्या, आठाच्या अकरा कधी. मला विचाराल तर ही गोष्ट चकत्यांची नाहीच. ती त्या काळ्या नळीची आहे, जिला आमच्या धंद्यात आऊटर म्हणतात आणि जिचे पैसे देताना गिऱ्हाईक सगळ्यात जास्त कुरकुरतं. "ताई, वायर तेवढी बदला, आऊटर चांगलाय अजून." पुण्यात पेठेतलं वडिलांचं दुकान मी चालवायला घेतलं तेव्हापासून हे वाक्य ऐकते आहे. आऊटर बाहेरून चांगला दिसतो, कारण जे बिघडतं ते आत असतं.

वायर ओढते हे डोळ्यांना दिसतं. आऊटर ढकलतो, हे दिसत नाही. खटका दाबला की वायर जेवढ्या जोराने मागे खेचली जाते, तेवढ्याच जोराने आऊटर दोन्ही टोकांमध्ये दाबला जातो. तो घट्ट उभा राहिला तर ओढ गिअरपर्यंत पोचते. तो आखडला, चेपला, तर तेवढी ओढ त्याच्यातच जिरते. उघडी वायर सरळ रेषेत ओढता येते, पण वळणावरून न्यायची तर कप्पी लागते. आऊटर आला आणि वायर हवी तिथून, हवी तशी वळवून नेता येऊ लागली.

ही युक्ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन या लंडनमध्ये राहणाऱ्या गृहस्थाची. १८९६ साली त्याने तिचं इंग्लंडमधलं पेटंट घेतलं, दोन वर्षांनी अमेरिकेतलं मिळालं. पोलादी तारेची घट्ट गुंडाळी करून केलेली नळी आणि तिच्या आत सरकणारा बारीक तारेचा दोर, एवढंच. गंमत म्हणजे याचं श्रेय बरेचदा भलत्याच बाउडेनला दिलं जातं. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचा मालक फ्रँक बाउडेन हा वेगळा माणूस, अर्नेस्टशी त्याचं नातं नव्हतं. पण गोंधळाला कारणही आहे. १९०० साली रॅलेने या पेटंटचा परवाना घेतला आणि अर्नेस्टच्या मंडळीत फ्रँकही सामील झाला. अर्नेस्ट १९०४ साली वारला. त्याची केबल मात्र पुढे मोटरसायकलच्या क्लचपर्यंत आणि विमानांपर्यंत गेली.

फ्रँक बाउडेनच्याच आधाराने १९०२ साली स्टर्मी-आर्चर हे नाव पुढे आलं. मागच्या चाकाच्या हबमध्ये तीन गिअर. हेन्री स्टर्मी हा सायकलींवर लिहिणारा संपादक, जेम्स आर्चर हा इंजिनिअर. सायकलचा इतिहास लिहिणारे सांगतात की यंत्राची खरी कल्पना विल्यम रायली नावाच्या तिसऱ्याच कारागिराची होती. त्याने आपल्या आधीच्या दोन गिअरच्या हबचे हक्क लिहून देताना पुढच्या शोधांवरही पाणी सोडलं होतं, म्हणून नवं पेटंट आर्चरच्या नावावर निघालं. दुकानात कामाला असलेल्या पोरांना मी ही हकिकत मुद्दाम सांगते. सही करायच्या आधी कागद वाचावा.

या हबचं सगळ्यात टिकाऊ रूप म्हणजे १९३० च्या दशकात आलेलं एडब्ल्यू मॉडेल. मधला गिअर सरळ, खालचा पाव हिश्शाने हलका, वरचा तिसऱ्या हिश्शाने जड. हबच्या आसाच्या पोकळीतून एक इवलीशी साखळी बाहेर येते आणि वायर तिला ओढते. वायर पूर्ण ओढली की हलका गिअर, पूर्ण सैल सोडली की जड. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अशी एक जागा आहे की तिथे पाय नुसता फिरतो आणि चाकाला काही कळत नाही. वायर जराशी सैल असली तर चढावर उभं राहून जोर लावणारा माणूस तिथेच सापडतो आणि सीटपुढच्या नळीवर आदळतो. वडिलांकडे अशा इंग्लिश सायकली ओव्हरऑइलिंगला यायच्या. मालक बहुतेक निवृत्त लष्करी अधिकारी, नाहीतर कॉलेजातले प्राध्यापक. त्या सायकलींवर आऊटर वीतभरच असायचा. खटक्यापासून वरच्या नळीवरच्या अडकवणीपर्यंत, बस्स. पुढे वायर उघडीच, सीटखालच्या छोट्या कप्पीवरून मागच्या चाकाकडे. आऊटर जितका कमी तितकी घासाघीस कमी, हे जुन्या लोकांना पुरतं ठाऊक होतं.

आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या सायकलला केबल ठाऊकच नव्हती. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय, सोनिपतला ॲटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी वर्षानुवर्षं जी काळी उंच सायकल बनवली, तिचे ब्रेक सळ्यांचे. हँडलखालून निघालेली सळी, सांधे, पुन्हा सळी आणि शेवटी रिमच्या आतल्या बाजूला वर चढणारी रबरं. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर सगळे याच सायकलवर. मला ही सळी कधीच मागासलेली वाटली नाही. सळी ढकलताही येते आणि ओढताही. ती पावसात गंजली तर वरून दिसते, वाकली तर दगडावर ठेवून सरळ करता येते आणि तिच्यासाठी आऊटर लागत नाही. तिला वळण घेता येत नाही, एवढाच तिचा दोष, म्हणून प्रत्येक वळणावर सांधा आणि प्रत्येक सांध्यात खुळखुळ.

पुण्याने केबल ओळखली ती सायकलवर नव्हे, स्कूटरवर. आकुर्डीला बजाजचा कारखाना, पिआज्जिओच्या परवान्यावर सुरू झालेलं उत्पादन आणि १९७२ पासून चेतक. डावी मूठ पिळून गिअर टाकायचा. त्या मुठीतून दोन वायरी निघायच्या, एक गिअर वर न्यायला, एक खाली, कारण केबलला ओढणं जमतं, ढकलणं जमत नाही. क्लचची वायर कधी तुटेल याचा नेम नसायचा, म्हणून जाणता माणूस डिकीत एक वायर गुंडाळून ठेवायचा. आमच्या गल्लीतले सायकलवाले बारीक वायर कशी सोडवायची, टोकाचे धागे विस्कटू न देता कशी ओवायची, हे शेजारच्या स्कूटरवाल्याकडे बघून शिकले.

इटलीत मूळ व्हेस्पाचा गिअरही आधी सळ्यांनीच बदलायचा. १९५० च्या आसपास सळ्या जाऊन केबली आल्या. नेमक्या त्याच सुमारास तिथल्या शर्यतीच्या सायकलवरही तेच घडत होतं. तुल्लिओ कांपान्योलोचा कांबियो कोर्सा हा गिअर म्हणजे मागच्या चाकाच्या वर लावलेल्या दोन लांब सळ्या. चालत्या सायकलवर मागे हात नेऊन एका सळीने चाक सैल करायचं, दुसरीने साखळी ढकलायची, पायडल उलटं मारायचं आणि चाक पुन्हा आवळायचं. १९४८ सालची टूर द फ्रान्स जीनो बार्ताली या गिअरवर जिंकला. पुढे कांपान्योलोने ग्रान स्पोर्ट आणला. बिजागरीच्या चौकोनावर डुलणारा, केबलने ओढायचा हा गिअर, आणि आजचे डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे गिअर, त्याच वळणावर चाललेत. टूरमध्ये गिअर चालू लागले तेच मुळी १९३७ पासून. त्याआधी आयोजकांना वाटायचं, गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय.

ग्रान स्पोर्टची केबल खालच्या तिरक्या नळीवरच्या दांडीपासून उघडी निघायची आणि आऊटरचा एकच तुकडा मागच्या चाकापाशी अर्धवर्तुळ घ्यायचा. हा मागचा तुकडा केबलने ओढायच्या डिरेलरच्या बहुतेक सायकलींवर आजही आहे आणि सगळ्यात आधी तोच मरतो. चाकाने उडवलेला चिखल त्याच्याच तोंडात जातो. पण त्या काळी तो मेला तरी चालायचं, कारण दांडीला खाचा नव्हत्या. साखळी खरखरली की स्वार दांडी जरा पुढेमागे करायचा आणि आवाज थांबला की हात काढायचा. आऊटरने खाल्लेला फरक माणसाचा कान भरून काढायचा.

१९८४ साली हा कान निवृत्त झाला. जपानमधल्या साकाई शहरातल्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस या मालिकेत एसआयएस आणलं. खटक्याला खाचा, एक टक् म्हणजे एक चकती. खाचा ही नवी कल्पना नव्हती. त्याच कंपनीच्या पॉझिट्रॉनमध्ये सत्तरच्या दशकातच त्या होत्या, पण त्या मागे गिअरमध्ये. आता त्या हाताशी आल्या आणि मधल्या सगळ्या लांबीवर भरवसा ठेवणं भाग पडलं. हिशेब बघा. आठ चकत्यांच्या शिमानो गिअरवर एका टक्ला वायर २.८ मिलिमीटर सरकते. डिरेलर त्याच्या १.७ पट हलतो आणि दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिलिमीटर. म्हणजे आऊटरने एक मिलिमीटर खाल्ला की साखळी तब्बल १.७ मिलिमीटर चुकते.

आणि बाउडेनचा गुंडाळीचा आऊटर तर मिलिमीटर खाणारच. तो वाकवला की गुंडाळीचे वेढे बाहेरच्या बाजूने फाकतात आणि लांबी बदलते. नुसतं हँडल वळवलं तरी गिअर कुरकुरेल. म्हणून त्याच दशकात गिअरसाठी वेगळा आऊटर आला. त्यात तारा गुंडाळलेल्या नसतात, लांबीच्या दिशेने एकमेकींशेजारी उभ्या असतात आणि आत गुळगुळीत प्लास्टिकची नळी. तो आखडत नाही. पण ब्रेकला मात्र हा कधीही घालू नये. ब्रेकचा जोर आला की त्या उभ्या तारांना बाहेरून धरणारं फक्त प्लास्टिक असतं आणि ते फाटतं. ब्रेकला पाच मिलिमीटरचा गुंडाळीचा, गिअरला चार मिलिमीटरचा उभ्या तारांचा. दुकानात दोन्ही भेंडोळी वेगळ्या खिळ्यांवर टांगलेली असतात, आणि पोरांनी अदलाबदल केली तर माझा आवाज समोरच्या डेअरीपर्यंत जातो.

काम तसं सोपं आहे. साखळी सगळ्यात लहान चकतीवर आणायची, बोल्ट सोडायचा, वायरच्या टोकाची टोपी कापायची आणि वायर खटक्यातून मागे ढकलून काढायची. इथे डोळे उघडे ठेवावेत. वायर बहुतेक वेळा खटक्याच्या आतच, तिच्या टोकाच्या गोळीजवळ झिजते, कारण तिथे ती लहानशा चाकावर दर वेळी वाकते. एक धागा आत तुटून राहिला तर अर्धा तास चिमट्याने मासे पकडायचे. नवा आऊटर पकडीने कापू नये, नळी चेपते. कात्रीसारखा खास कटर घ्यावा, तोंड कानशीने सपाट करावं आणि आतलं प्लास्टिक दाभणाने उघडावं. आऊटरच्या टोकाला टोपी बसवून तो अडकवणीत पूर्ण बसला की नाही ते बघावं. मग वायर जोराने दोन-चारदा ओढावी. लोक म्हणतात नवी वायर ताणली जाते. खरं म्हणजे आऊटरची टोकं टोप्यांमध्ये बसत असतात.

जून ते सप्टेंबर सिंहगडाला जाणारी मंडळी चिखल घेऊन येतात. अशात चढावर वायर तुटली की डिरेलर स्प्रिंगच्या ओढीने लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जातो. स्टर्मी-आर्चरचंही तसंच होतं. शंभर वर्षांत चढ चढणाऱ्याची बाजू फारशी कुणी घेतली नाही.

आता महागड्या सायकलींवरून आऊटर जायला लागलाय. शिमानोचा विजेवरचा गिअर २००९ मध्ये आला, स्रॅमचा बिनतारी २०१५ मध्ये. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या सायकलीवर मात्र दिसायला छान म्हणून केबली हँडलच्या आतून, हेडसेटमधून, नळीच्या पोटातून नेल्या जातात. आऊटर पूर्वीपेक्षा लांब, वळणं जास्त, आणि साधं वरचं बेअरिंग बदलायचं तरी ब्रेकच्या तेलाच्या नळ्या सोडवाव्या लागतात. अशी सायकल आली की मी आधी मजुरी सांगते, मग स्टँडवर चढवते.