पाहुण्यांना दाखवलेली बालवाडी

चीनच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा मोठी माणसं आणि मोठ्या घटना घेतो. आज विषय आहे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा. त्यातला प्रश्न मात्र इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळणारा आहे. यजमानाने जेवढं दाखवायचं ठरवलं तेवढंच पाहून आलेल्या पाहुण्याच्या साक्षीवर आपण किती विसंबायचं?

आधी शब्दाकडे बघू. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. चिनी शब्दाचा अर्थही 'लहान मुलांची बाग' असाच होतो. आपल्या 'बालवाडी'तली वाडी तरी दुसरी कसली? तर या चिनी बागेत परदेशी पाहुणे १९७०च्या दशकात एकामागून एक येऊ लागले. १९७१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा टेबल टेनिस संघ चीनला गेला, पुढच्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन गेले, आणि बरीच वर्षं बंद असलेलं दार किलकिलं झालं.

पाहुण्यांचा फेरफटका ठरलेला असे. एक कारखाना, एक कम्यून, एक इस्पितळ आणि एक बालवाडी. बालवाडीत गेल्यावर आधी चहा. मग तिथली प्रमुख बाई किंवा समितीचे कोणी सदस्य क्रांतीपूर्वी काय होतं आणि आता काय आहे ते सांगणार. मग वर्गात फेरी. मुलं टाळ्या वाजवून 'काका-काकू, नमस्कार' म्हणणार, आणि शेवटी गाणी, नाच. जवळजवळ प्रत्येक प्रवासवर्णनात हेच सापडतं.

आता तुम्ही म्हणाल, बालवाडीच का दाखवायची? कारण तिच्यात राज्याचं एक मोठं वचन होतं. नव्या चीनमध्ये बाईने घराबाहेर काम करायचं होतं. १९५१च्या कामगार विमा नियमांनुसार बाळंतपणाची रजा होती ५६ दिवसांची. सत्तावन्नाव्या दिवशी बाळ कुठे ठेवायचं? म्हणून कारखान्याला लागूनच पाळणाघर, आईने कामाच्या मधल्या वेळात येऊन बाळाला पाजायचं, आणि मूल तीन वर्षांचं झालं की बालवाडी. १९७१ साली आपल्या डॉक्टर पतीबरोबर गेलेल्या रूथ सायडेल या अमेरिकन समाजकार्यकर्तीला नेमकं हेच पाहायचं होतं. तिचं पुस्तक १९७२ साली आलं, आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन आयांनी ते आपल्या अडचणीचं उत्तर शोधत वाचलं. म्हणजे पाहुणी स्वतःचा प्रश्न बरोबर घेऊन गेली होती. हे लक्षात ठेवा, कारण प्रत्येक पाहुणा असाच जातो.

त्या काळच्या वर्णनांत बारकावे छान आहेत. मुलांच्या अंगरख्याची बटणं पाठीवर असत, म्हणजे ती लावायला दुसऱ्या मुलाची मदत घ्यावीच लागे. आठवड्यातून थोडा वेळ मुलं 'उत्पादक श्रम' करत, म्हणजे रंगखडू खोक्यांत भरणं, विजेरीचे दिवे तपासणं, अशी कारखान्याची हलकी कामं. काही वाचकांना हे फार आवडलं, काहींच्या अंगावर काटा आला.

१९७३च्या अखेरीस अमेरिकेतल्या बालविकास-तज्ज्ञांचं एक शिष्टमंडळ सुमारे तीन आठवडे चीनमध्ये हिंडलं. येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ विल्यम केसन त्याचे प्रमुख. १९७५ साली त्यांच्या संपादनाखाली 'चाइल्डहूड इन चायना' हा अहवाल निघाला. ही माणसं भोळी नव्हती. आपल्याला निवडक जागा दाखवल्या जातात याची त्यांना जाणीव होती. पण ती गोंधळली वेगळ्याच गोष्टीने. वर्गात पन्नासेक मुलं, आणि रडारड नाही, मारामारी नाही, खेळणं हिसकावणं नाही. 'मूल ऐकत नसेल तर काय करता?' असं विचारलं की शिक्षिकांना प्रश्नच विचित्र वाटे. मूल ऐकणारच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मग हे खरं मानायचं की बनाव? मी तुम्हाला दोन साध्या कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी : यातलं काय एका रात्रीत रचता येत नाही? गाणं आठवड्यात बसवता येतं. भिंती रंगवता येतात. नवी खेळणी आणून ठेवता येतात. पण वर्गात दहा-बारा उंचच उंच अनोळखी माणसं फिरत असताना चार वर्षांची पन्नास मुलं शांतपणे आपलं काम करत राहतात, हे पाहुणे येणार म्हणून कालच्या दिवसात शिकवता येत नाही. ज्यांनी घरात एक चार वर्षांचं मूल सांभाळलंय त्यांना हे पटेल. म्हणजे दाखवण्यासाठी निवडलेल्या वर्गातही रोजची सवय दिसतेच.

दुसरी कसोटी : चित्रात कोण नाही? आणि इथे मला चेन हेचिन यांच्याबद्दल सांगायलाच हवं. हे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकून परत आले. १९२० साली त्यांना मुलगा झाला, आणि त्यांनी जन्मापासून ८०८ दिवस त्याच्या वाढीची नोंद ठेवली, छायाचित्रांसह. १९२३ साली नानजिंगमध्ये त्यांनी गुलोउ बालवाडी सुरू केली. परक्याची नक्कल न करता चिनी मुलांसाठी चिनी बालवाडी कशी असावी, याचे प्रयोग तिथे झाले. जॉन ड्यूई १९१९ ते १९२१ चीनमध्ये होते, त्यांच्या विचारांचा प्रभाव चेन यांच्यावर होता. १९५०च्या दशकात नेमका हाच त्यांचा गुन्हा ठरला. जाहीर टीका झाली, पदावरून दूर व्हावं लागलं, सांस्कृतिक क्रांतीत पुन्हा छळ झाला. तज्ज्ञांचं शिष्टमंडळ चीनमध्ये हिंडत होतं तेव्हा हा माणूस जिवंत होता, एक्याऐंशी वर्षांचा. पाहुण्यांना जी 'पूर्वी आणि आता' अशी गोष्ट ऐकवली जाई, तिच्यात अशा माणसाला जागाच नव्हती. १९७९ नंतर त्यांचा मान परत आला, आणि १९८२ साली ते वारले. जे दाखवलं ते खोटं नसेलही, पण आधीचं पान फाडलेलं होतं.

यजमानांची बाजूही ऐकू. इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनी १९७२ साली चिनी सरकारच्याच निमंत्रणावरून गेले आणि त्यांनी चीनवर लांबलचक माहितीपट केला. त्यात गाणारी लहान मुलंही आहेत. पण कॅमेरा ठरलेल्या जागांपलीकडे वळला, साधे रस्ते, जुनी घरं, थकलेले चेहरे टिपत राहिला. जानेवारी १९७४मध्ये 'पीपल्स डेली'ने त्यांच्यावर जळजळीत हल्ला चढवला. चीनमध्ये तो चित्रपट जाहीरपणे दाखवला गेला तो २००४ साली. म्हणजे ज्यांचं चित्र काढलं, त्या सामान्य लोकांना ते तीस वर्षं बघायलाच मिळालं नाही.

हीच गाठ पुढे जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डाना डेव्हिडसन यांनी सोडवली. १९८०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी चीनमधल्या कुनमिंगच्या, जपानमधल्या क्योतोच्या आणि हवाईतल्या होनोलुलूच्या एकेका बालवाडीतला एक दिवस चित्रित केला. मग त्या फिती आधी तिथल्याच शिक्षिकांना दाखवल्या, आणि नंतर तिन्ही देशांतल्या पालक-शिक्षकांना. कुनमिंगच्या फितीत सगळी मुलं एकाच वेळी शौचाला बसलेली दिसतात. अमेरिकन प्रेक्षक हादरले. चिनी प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना कळेना, एवढं काय त्यात? लहान मुलं आहेत, नियमित सवय लागते. उलट क्योतोच्या फितीत एक खोडकर मुलगा दिवसभर दंगा करतो आणि बाई मध्ये पडत नाहीत, तेव्हा चकित व्हायची पाळी चिनी शिक्षिकांची होती. आता चिनी शिक्षिकाच पाहुणी झाली होती, आणि तिच्या डोळ्यांवरही तिचा स्वतःचा चष्मा होता.

तेव्हा चीनमध्ये एका अपत्याचं धोरण नुकतं सुरू झालं होतं. चार आजी-आजोबा, दोन आईबाप आणि एक मूल. ते लाडावेल ही चिंता घरोघर होती, आणि शिस्त लावायचं काम बालवाडीवर सोपवलं जात होतं. हा खुलासा शिक्षिकांच्या तोंडूनच आला. नुसत्या पाहण्याने तो कळला नसता.

टोबिन सुमारे वीस वर्षांनी नव्या सहकाऱ्यांबरोबर परत गेले, आणि ते पुस्तक २००९ साली आलं. दरम्यान २००१ साली चीनने बालवाड्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली होती, खेळावर आणि मुलाच्या पुढाकारावर भर देणारी. एका नव्या फितीत मूल गोष्ट सांगतं, वर्गमित्र मत देतात आणि चुकाही तोंडावर सांगतात. शाबासकीची सवय असलेल्या अमेरिकन प्रेक्षकांना ते कठोर वाटलं. चिनी शिक्षिका म्हणाल्या, स्पष्ट बोलणं ऐकून घेता येणं हेही शिकायलाच हवं.

तर सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पाहुण्याची साक्ष टाकून द्यायची नाही. पाहुणा कोणता प्रश्न घेऊन गेला होता ते आधी शोधायचं. जे रचता येत नाही ते वेचायचं, आणि जे चित्रात नाही ते दुसरीकडून आणायचं. सगळ्यात मोलाची साक्ष ती, जिच्यात पाहिल्या गेलेल्या माणसाला 'हे असं का' हे सांगायची संधी मिळाली. १९७३ साली त्या वर्गात बसलेली मुलं आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या वर्गात डोकावलेल्या पाहुण्यांची वर्णनं कितीतरी छापली गेली. त्या मुलांना ते पाहुणे कसे दिसले, हे विचारणारे मात्र फार थोडे निघाले.

इथे थांबतो.