खिडकीपट्टी ते ईपीसी



इंग्लंडातल्या जुन्या घरांना विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसतात ना, त्यातल्या बऱ्याचशा करामुळे बुजल्या. १६९६ साली तिसऱ्या विल्यमच्या काळात खिडक्या मोजून कर बसला. लोकांनी खिडक्याच कमी केल्या! (काही मात्र नुसत्या शोभेसाठी तशा बांधलेल्या आहेत.) काचेवरची जकात १८४५ मध्ये गेली, खिडकीपट्टी १८५१ मध्ये. मग व्हिक्टोरियन घरांत मोठ्या काचा आल्या, पण एकेरी.

एकेरी काचेची यू-व्हॅल्यू साधारण ५. म्हणजे आत २० अंश आणि बाहेर ० असेल, तर १ चौरस मीटरमधून १०० वॅट बाहेर. जुना बल्ब अंगणात रात्रभर जळत ठेवल्यासारखंच! इंग्लंडात आज बदललेल्या खिडकीला १.४ ची अट आहे, म्हणजे त्याच काचेतून २८ वॅट.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाची किंमत सगळ्यांनाच कळली. तरी इंग्लंड-वेल्समध्ये बदललेल्या खिडक्या उष्णतेच्या नियमात आल्या त्या २००२ मध्ये. २००७ पासून घर विकताना ईपीसी आलं, ए ते जी.

आता गोची अशी, की ईपीसी अख्ख्या घराचं असतं. सलग विटांची भिंत आणि उघडा माळा तसाच ठेवून नुसत्या खिडक्या बदलल्या, तर गुण थोडेच वाढतात. सेल्समन हे सांगत नाही. भाड्याने देणाऱ्यांनी तर हिशोब आधी करावा, कारण २०१८ पासून तिथे नव्या भाडेकराराला सहसा किमान ई लागतं.

आणि हो, खिडक्या कधी बसवल्या तेही तपासनीस नोंदवतो. सर्टिफिकेट जपून ठेवा.