एका टोळीतले वेगवेगळे गडी

मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल या बाजूंचे रस्ते शीळफाट्याला मिळतात. आसपास गोदामे आहेत. मालाची गाडी लागली की माथाडींची टोळी उठते. लांबून पाहिले तर सगळे गडी सारखेच दिसतात. पण मुकादमाला विचारा! पहिल्या हाकेला कोण उठतो आणि ओझे वाढल्यावरच कोण हात लावतो, हे तो नेमके सांगेल. आपल्या पोटातही अशीच एक टोळी राबत असते. तिच्यातले गडी वेगवेगळे ओळखायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याचीच ही हकिगत.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून त्याची पाहणी करीत होता. समुद्रात बेटे असावीत तसे पेशींचे लहान लहान पुंजके त्याला दिसले. ते कशासाठी आहेत ते आपल्याला कळत नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे. 'मला ठाऊक नाही' असे लिहिणाऱ्याचेच नाव आज त्या बेटांना आहे!

पुढे १८८९ साली मेरिंग आणि मिंकोव्हस्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर त्याला मधुमेह जडला. १९०७ साली लेन या संशोधकाने बेटांतल्या पेशींच्या दोन जाती रंगांवरून वेगळ्या केल्या. त्या अल्फा आणि बीटा. रक्तातली साखर आवरणारे इन्शुलिन तयार होते ते बीटा पेशींत. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते मिळवण्याची वाट शोधली, आणि जानेवारी १९२२ मध्ये मरणाच्या दारातल्या चौदा वर्षांच्या मुलाला गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. मुलगा वाचला.

माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात. त्यांतल्या साऱ्या बीटा पेशी एकसारख्याच, असे पुष्कळ वर्षे धरून चालले होते. १९८८ साली ब्रसेल्सच्या पिपेलेअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशी सुट्या करून पाहिल्या. साखर थोडी असताना काहीच पेशी इन्शुलिन बनवायला लागतात, साखर वाढत गेली की आणखी पेशी कामाला येतात, असे त्यांना आढळले. आपल्या टोळीसारखेच की नाही? मग २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी माणसाच्या बीटा पेशींतही चार प्रकार दाखवले. मधुमेह झालेल्यांमध्ये या प्रकारांचे प्रमाण बदललेले होते.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या गावाशी काय संबंध? तर ऐका. टोळी कशी आहे याइतकेच ती मुळात केवढी आहे, हेही महत्त्वाचे. गर्भात पोषण तुटपुंजे पडले तर बीटा पेशींची वाढ खुंटते, असे हेल्स आणि बार्कर या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९९२ साली मांडले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांची पाहणी सुरू केली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. इंग्लंडमधल्या बाळांचे होते ३.५ किलो. आपली बाळे दिसायला हडकुळी, पण त्या मानाने अंगात चरबी मात्र टिकून होती. २०२२ साली पुण्याच्याच तरुण मधुमेही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत मुख्य उणीव इन्शुलिनचीच निघाली. थोडक्यात, ओझे फार असण्याआधी गडीच कमी पडत होते.

म्हणून, मंडळी, 'तो तर काटकुळा, त्याला कसली साखर?' असे म्हणू नका. बारीक माणसानेही रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांनी इन्शुलिन सांगितले तर हार मानल्यासारखे वाटून घेऊ नये. थकल्या टोळीला बाहेरून मिळालेला तो हात आहे. आणि घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर तिचे ताट सगळ्यांच्या शेवटी वाढू नका. ते आधी वाढा. त्या ताटातूनच पुढच्या पिढीची टोळी उभी राहायची आहे.